गावाकडे राहून दारू सोडायची, तर मीटिंग कुठे शोधायची?

गेवराईजवळच्या किंवा अक्कलकुव्याकडच्या एखाद्या वाडीवरच्या माणसाला तालुक्याचे डॉक्टर सांगतात, "गोळ्या घ्या आणि मीटिंगला जात जा." तो मान हलवतो. घरी बायको विचारते, "कसली मीटिंग?" ते विचारायचं त्याच्याकडून राहून गेलेलं असतं, आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांनाही जवळची मीटिंग कुठे भरते हे पुष्कळदा ठाऊक नसतं. गोळ्या संपतात, पंधरा दिवस बरे जातात, मग कुणाच्या तरी हळदीत पुन्हा सुरू होतं.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी सर्वेक्षणाचा हवाला द्यायला हवा. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने ते केलं होतं. दारूमुळे त्रासात असलेले, मदतीची गरज असलेले लोक देशात सुमारे पावणेसहा कोटी आहेत, आणि दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कुठलीतरी मदत मिळते, असं त्यात आढळलं. उरलेले सदतीस कुठे असतील, हे खेड्यात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

मीटिंग म्हणजे बहुतेक वेळा एए, अल्कोहोलिक्स अनॉनिमस. दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसं ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी एका खोलीत बसतात आणि आपापली गोष्ट सांगतात. फी नाही, फॉर्म नाही, हजेरीपट नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. शेवटी एक डबा फिरतो, ज्याला जमेल त्याने त्यात दहा-वीस रुपये टाकायचे. त्यातून खोलीचं भाडं आणि चहा निघतो. बाहेरच्या कुणाची देणगी एए घेत नाही, आमदारांचीही नाही. त्यामुळे भिंतीवर कुणाचा फोटो नसतो आणि दाराबाहेर बहुधा बोर्डही नसतो. पहिल्यांदा जाणाऱ्याची पंचाईत इथूनच सुरू होते.

आधी शरीराचं बघा

मीटिंगकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण यात जीव जाऊ शकतो. जो माणूस वर्षानुवर्षं रोज सकाळपासून पितो, त्याने मनाचा हिय्या करून एका दिवसात दारू बंद केली तर शरीर बिथरतं. हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. शेवटच्या पिण्यानंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भास होतात: भिंतीवर किडे दिसतात, कुणी हाका मारतंय असं वाटतं, वेळ-जागेचं भान जातं. घरच्यांना वाटतं बाहेरचं काहीतरी लागलं, आणि माणसाला देवरुषाकडे नेतात. त्याला न्यायला हवं दवाखान्यात, तेही तातडीने. १०८ ला फोन करावा. रुग्णालयात औषधांनी हे दिवस सुखरूप पार पडतात. रोज पिणाऱ्याने आधी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दाखवावं, शक्य असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात, आणि मगच दारू बंद करावी.

दुसरा धोका 'न सांगता दारू सोडवा' या जाहिरातींचा. एसटी स्टँडच्या मुतारीच्या भिंतीपासून खांबापर्यंत त्या चिकटवलेल्या असतात. अशा पुड्यांत काय असतं कुणालाच माहीत नसतं. काही ठिकाणी घरचे डॉक्टरांनी दिलेली डायसल्फिराम नावाची गोळीच चोरून भाजीत घालतात. ही गोळी पोटात असताना वरून दारू गेली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब एकदम घसरतो. माणूस दगावूही शकतो. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम एक-दोन आठवडे राहतो. ज्याला द्यायची त्याला सांगून, त्याच्या मर्जीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली तर ती उपयोगी आहे. चोरून कधीही नको.

बोलून काय होतं?

शंका रास्त आहे. आईने रडून सांगितलं, मास्तरांनी समजावलं, पोरांची शपथ घातली, तरी सुटली नाही. मग अनोळखी माणसांत बसून काय सुटणार?

याचं उत्तर एएच्या जन्मकथेतच आहे, आणि ती गोष्ट मला खेड्यातल्या माणसासाठी फार जवळची वाटते. मे १९३५. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात काम करणारा बिल कामासाठी ओहायो राज्यातल्या ॲक्रन या गावी आला होता. त्याची दारू काही महिन्यांपूर्वी सुटली होती. ॲक्रनचा व्यवहार फिसकटला. परकं गाव, खिशात फारसे पैसे नाहीत, आणि हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार. न्यूयॉर्कमध्ये तो कित्येक दारुड्यांना समजवायला गेला होता. त्यातल्या एकाचीही सुटली नव्हती, पण त्या काळात त्याची स्वतःची मात्र सुटलेली राहिली होती. हे लक्षात असल्यामुळे तो बारकडे न जाता फोनकडे वळला. गावातल्या धर्मगुरूंना फोन करत सुटला: इथे कुणी पिणारा आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय. असं करत तो डॉ. बॉब या शस्त्रवैद्यापर्यंत पोचला. डॉक्टर म्हणाले होते, पंधरा मिनिटं देतो. दोघं बोलत बसले ते काही तास. डॉ. बॉबनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ ला, आणि हाच दिवस एएचा स्थापनादिन धरतात.

म्हणजे जिथे एकही मीटिंग नव्हती, अशा ठिकाणी अडकलेल्या माणसाच्या गरजेतून हे सगळं निघालं. पिणाऱ्याचं पिणाराच ऐकतो, आणि सांगणाऱ्याचीही सांगता सांगता सुटलेली राहते. उपदेश करणाऱ्यापुढे माणूस बचाव करत बसतो. पण समोरचा जेव्हा म्हणतो, "मी बायकोच्या डोरल्यातले मणी विकले होते," तेव्हा बचाव करायला काही उरत नाही.

हे नुसतं श्रद्धेवर चाललेलं नाही. २०२० मध्ये कॉक्रन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास एकत्र तपासले. दारूपासून सलग पूर्ण लांब राहण्याच्या बाबतीत एए आणि त्या धर्तीचे कार्यक्रम इतर मान्य समुपदेशनाइतके, काही बाबतींत त्याहून सरस ठरले. सगळ्यांना लागू पडतं असं नाही. पण फुकट आहे आणि आयुष्यभर उघडं आहे.

आपल्याकडे यासारखं एक जुनं दार आहेच: माळ. वारकरी होऊन तुळशीची माळ घातली आणि दारू-मटण सुटलं, अशी माणसं प्रत्येक गावात असतात, आणि त्यांना मी कधीच कमी लेखणार नाही. एकादशी, भजन, दिंडी, सोबतचे माळकरी हे सगळं मिळून एक आधारगटच होतो. अडचण येते ती घसरल्यावर. माळ आयुष्यभरासाठी असते. एकदा प्यालं की ती उतरवावी लागते, लाज वाटते, आणि माणूस भजनालाही तोंड दाखवत नाही. एएमध्ये 'फक्त आजचा दिवस' असा हिशोब असतो, घसरलेल्याला पुन्हा त्याच खुर्चीवर बसता येतं. दोन्ही एकाच वेळी करणारेही भरपूर आहेत.

पत्ता कसा लावायचा

सुरुवात फोनने करा. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे १४४४६. मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस १४४१६, ती ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. दोन्ही निःशुल्क. इथून दवाखाने, केंद्रं आणि समुपदेशन यांची माहिती मिळते. गटांच्या मीटिंगची माहिती मात्र खुद्द एएकडूनच घ्यावी. एएचं भारतासाठीचं मुख्य सेवा कार्यालय मुंबईत आहे, आणि भागाभागातले गट मिळून 'इंटरग्रुप' म्हणजे आपलं सामायिक कार्यालय चालवतात. फोन लावला की लांबण लावू नका: "मला दारूचा त्रास आहे, मी अमुक तालुक्यात राहतो, जवळची मराठी मीटिंग कुठे आणि कोणत्या वारी असते, आणि मी तिथल्या कुणाशी बोलू?" शेवटचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. छापील यादीतली मीटिंग बंद पडलेली असू शकते, शाळेची खोली बदललेली असू शकते. एका माणसाचा फोन नंबर हाती असला की तो स्टँडवर घ्यायला येतो. हे मी उगाच म्हणत नाही. नव्या माणसाला आणायला जाणं हा त्यांच्या स्वतःच्या बरं राहण्याचाच भाग असतो.

याखेरीज ज्या केंद्रात उपचार झाले त्यांना विचारा. पुण्याचं 'मुक्तांगण' १९८६ पासून चालू आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या मदतीने ते उभं केलं. तिथे पेशंटला रुग्णमित्र म्हणतात, आणि उपचार संपल्यावरच्या पाठपुराव्यासाठी वेगवेगळ्या गावी बैठका होतात. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तिथे 'सर्च' संस्था, शासन आणि टाटा ट्रस्ट यांच्या 'मुक्तिपथ' कार्यक्रमातून २०१६ पासून तालुक्याच्या ठिकाणी व्यसन उपचार क्लिनिक आणि गावागावात शिबिरं चालतात. तिथल्या माणसाने एए शोधण्याआधी मुक्तिपथचं तालुका कार्यालय गाठावं. गोव्यात 'संगत' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत गावातल्याच साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून दारूसाठी समुपदेशन दिलं. त्याचे चांगले निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. सावंतवाडी-दोडामार्गच्या माणसाला गोवा मुंबईपेक्षा किती जवळ, हे वेगळं सांगायला नको.

एक सावधगिरी. 'व्यसनमुक्ती केंद्र' असा बोर्ड लावून माणसं कोंडणारी, मारहाण करणारी ठिकाणंही आहेत. नोंदणी आहे का, डॉक्टर कधी येतात, घरच्यांना भेटू देतात का, हे आधी विचारा. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा आहे आणि त्यात पेशंटचे हक्क लिहिलेले आहेत. एएच्या मीटिंगचा यांपैकी कशाशीही संबंध नाही. तिथे कुणी कुणाला डांबत नाही आणि सक्तीने बोलायलाही लावत नाही.

एसटी, बाजार आणि ओळखी

मीटिंग सापडते तीस-चाळीस किलोमीटरवर, संध्याकाळी सातला. आणि गावाकडची शेवटची एसटी साडेसातला. गावाकडच्या निम्म्या अडचणी इथेच आहेत. यावर सभासद काय करतात? आठवडे बाजाराचा दिवस धरतात, कारण त्या दिवशी तालुक्याला का गेला होतास असं कुणी विचारत नाही. आपल्या रस्त्यावरून मोटारसायकलने येणारा कोण आहे, हे गटात विचारून घेतात. गटालाच सांगतात की महिन्यातून एक मीटिंग रविवारी दुपारी घ्या. गट हे ऐकतो, कारण वेळ ठरवायचा अधिकार त्याच लोकांचा असतो, वरून कुणी ठरवत नाही.

अमेरिकेत नव्या माणसाला ९० दिवसांत ९० मीटिंगा कर म्हणतात. हे वाचून खेड्यातल्या माणसाने हाय खाऊ नये. आठवड्याला एक प्रत्यक्ष मीटिंग, आणि रोज एका जुन्या सभासदाला फोन, एवढं पुष्कळ झालं. या जुन्या सभासदाला स्पॉन्सर म्हणतात. पैसे पुरवणारा नव्हे. तल्लफ आली की ज्याला आधी फोन लावायचा तो.

आता ओळखीचा प्रश्न. "तिथे कुणी ओळखीचं भेटलं तर?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. भेटलं तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो. पण मला यात दुसरंच काहीतरी दिसतं. तुम्ही पिता हे गावाला माहीतच असतं. गटारात पडलेलं बघितलेलं असतं. लपवायचं असतं ते हे, की तुम्ही सोडायचा प्रयत्न करताय. कारण ते कळलं की टपरीवर चिडवणारे असतात, मुद्दाम ग्लास पुढे करणारे असतात, आणि घसरलात तर "बघ, म्हटलं नव्हतं?" म्हणणारे असतात. ही भीती अगदी खरी आहे. म्हणून शेजारच्या तालुक्यातली मीटिंग धरण्यात काहीच गैर नाही. लांबची असली तरी मोकळी वाटते. पहिले काही महिने गावात कुणाला न सांगता काढले तरी चालतं.

ऑनलाइन मीटिंगा कोरोनाच्या काळापासून खूप वाढल्या, मराठीतही होतात. वाडीवरच्या माणसाला हा मोठाच आधार आहे, फक्त काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. दोन खोल्यांच्या घरात सासरे शेजारी बसलेले असताना कुणी मन मोकळं करत नाही. इअरफोन लावून मळ्यात, विहिरीवर जा. झूमवर फोनमधलं पूर्ण नाव आपोआप दिसतं, ते आत जाण्याआधी बदला. व्हॉट्सॲप गटात तुमचा नंबर सगळ्यांना दिसतो हे लक्षात ठेवा. मुलगा अभ्यासाला तोच फोन वापरत असेल तर मेसेज त्यालाही दिसतील. कदाचित त्याने ते वाचलेलंच बरं, पण ते तुम्ही ठरवा.

ऊसतोड कामगारांची गोष्ट याहून अवघड. बीडकडून कोयते निघतात दिवाळीच्या आसपास, परततात उन्हाळ्याच्या तोंडावर. गावी धरलेली मीटिंग सहा महिने सुटते, आणि फडावर दिवसभराच्या कष्टानंतर दारू हाच विसावा असतो. यात एएची एक सोय फार कामाची आहे: कुठल्याही गावच्या गटात कुणीही जाऊन बसू शकतो, बदलीचा दाखला लागत नाही. निघण्यापूर्वी आपल्या गटाला विचारून कारखाना ज्या तालुक्यात आहे तिथल्या सभासदाचा नंबर घेऊन ठेवावा.

आणि काही दिवस आधीच ओळखून ठेवावेत: आषाढातली गटारी, गावची जत्रा, शिमगा, लग्नातली हळद. सगळ्यांत वाईट ग्रामपंचायतीची निवडणूक, कारण तेव्हा फुकटची दारू दारात येते. त्या आठवड्यात सासुरवाडीला जाऊन राहिलेले बहाद्दर आहेत.

घरच्यांसाठी

नवरा मीटिंगला येत नसेल तरी बायकोला जाता येतं. अल-ॲनॉन हा गट दारुड्यांच्या घरच्यांसाठीच आहे. १९५१ मध्ये त्याची सुरुवात करणाऱ्यांत बिलची बायको लोईस होती. मुक्तांगणमध्ये बायकांसाठी 'सहचरी' गट आहे. तिथे नवऱ्याला कसं सुधारायचं याच्या युक्त्या मिळत नाहीत. त्याची बाटली ओतून टाकणं, मुकादमाला खोटं सांगणं, त्याचं कर्ज फेडणं, या सगळ्यात स्वतःचं काय झालं ते तिथे बोलता येतं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे तालुक्याला जाणं थोडं परवडतं. पिणारी बाई असेल तर तिची अडचण दुप्पट असते. पुरुषांनी भरलेल्या खोलीत तिने एकटीने जाण्यापेक्षा आधी महिलांची ऑनलाइन मीटिंग शोधावी. पुण्यात मुक्तांगणचा 'निशिगंध' विभाग स्त्रियांसाठीच आहे.

मीटिंग नाहीच सापडली तर

दोन माणसं पुरतात. एएच्या परंपरेतच तसं लिहिलं आहे: दारू सोडण्यासाठी दोघं-तिघं जमले की ते स्वतःला गट म्हणवू शकतात. एक वार, एक वेळ, एक खोली. समाजमंदिर, शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल, बुद्धविहार, ग्रामीण रुग्णालयातली रिकामी खोली, काहीही चालतं. मुंबईच्या कार्यालयाकडून मराठी पुस्तकं मागवता येतात. सरपंचांना अध्यक्ष करू नका, उद्घाटन तर मुळीच नको. फीत कापली की फोटो येतो, आणि फोटो आला की ज्याच्यासाठी हे चाललंय तो येत नाही. फक्त रुग्णालयातले डॉक्टर, आशाताई आणि पोलीस पाटील यांच्या कानावर घालून ठेवा. पहिले काही महिने खोली रिकामी असते. तरी ठरलेल्या वेळी दार उघडून बसावं लागतं, कारण एखादा माणूस चार आठवडे नुसता समोरच्या टपरीवर उभा राहून बघत असतो, आणि पाचव्या आठवड्यात दार बंद दिसलं तर परत येत नाही.

पिऊन आलेल्याला काय करायचं, हा प्रश्न नव्या गटात हमखास निघतो. त्याला बसू देतात. चहा देतात. फक्त त्या दिवशी बोलू नको, नुसतं ऐक, असं सांगतात, आणि निघताना पुढच्या मीटिंगचा वार आणि कुणातरी एकाचा नंबर कागदावर लिहून खिशात घालतात, कारण तोंडी सांगितलेलं त्याच्या सकाळी लक्षात राहणार नसतं.